वर्षभर ठेवायचं कपाट

प्रिय ठमे,

अक्षर ओळखशील. पत्ता तोच असेल असं धरून चाललोय.

सोमवारपासून आमचा कचरा डेपो कंपनीकडे जातोय. गाड्या, कचरा निवडायचा सरकता पट्टा, वजनकाटा, कचऱ्याचा खड्डा, सगळं. गाड्यांना आत्ताच हिरवा रंग दिलाय. वास जुनाच आहे. कंपनीची एक बाई हातात यादी घेऊन फिरते. परवा पट्ट्याशी येऊन म्हणाली, "काका, तुमच्या जागी यंत्र येणार. कागद निवडायला त्याला डोळे आहेत." मुकादम म्हणाला, "डोळे असतील हो, पण नाक?" सगळे हसले. तीही हसली. बाई वाईट नाही. निम्म्या लोकांना कंपनी ठेवून घेणार आहे. मी वयात बसत नाही.

एकतीस वर्षं मी पट्ट्यावर एकाच जागी उभा राहिलो. कोरडा कागद उजवीकडे, तेलकट डावीकडे. तेल लागलेल्या कागदाचा पुन्हा कागद होत नाही, तो खड्ड्यात जातो. पहिला महिनाभर विचार करावा लागतो. मग बोटांना तेल लागलं की हात आपला आपण डावीकडे जातो. डोकं भलतीकडेच असतं. घरीसुद्धा मी असाच. तुझी वहिनी म्हणायची, "जेवताना तरी निवडानिवड करू नका."

तिला जाऊन दोन वर्षं झाली. कुलूप मीच लावतो, मीच उघडतो. रविवारी कोणाशी बोलणं होत नाही. सोमवारी पहिला शब्द घोगरा निघतो. आता सोमवारही रविवारच.

पट्ट्याच्या टोकाला एक लोखंडी कपाट आहे. ते कुठल्याच नियमात नाही. कागदांत कोणाचे फोटो, पत्रं, प्रमाणपत्रं आली की आम्ही त्यात ठेवतो, वर तारीख घालून. वर्षभर ठेवायचं, कोणी आलं नाही तर परत पट्ट्यावर. लोक येतात. एक म्हातारे लग्नाचा फोटो शोधत आले होते. बायकोनं भांडणात टाकला होता. ती फाटकाबाहेर उभी, आत यायला तयार नाही. पण टाचा उंचावून बघत होती, सापडला का. कंपनीच्या बाईनं विचारलं, "हे कपाट कोणाचं?" तिच्या यादीत ते नव्हतं. "शुक्रवारपर्यंत रिकामं करा," म्हणाली.

आज केलं. खालच्या खणात एकच वस्तू उरली, तारीख नसलेली. ती माझीच.

आईचं घर आवरलं तो दिवस आठव. तू म्हणाली होतीस, "दादा, मला काही नको, आईची वही तेवढी दे." वही शेगडीपाशी राहून राहून तेलकट झालेली. निम्मी पानं स्वयंपाकाची, निम्मी आपली. तुझा पहिला दात, माझा गोवर, कोण कोणावर रुसून न जेवता झोपलं. मी कागदांचा ढीग पुढ्यात घेऊन बसलो होतो, दोन्ही बाजूंना दोन पोती. वहिनी आतल्या खोलीत भांडी बांधत होती. मग तिनं पोती बाहेर नेली. तिला ती नेताना तू पाहिलंस. वही सापडेना तेव्हा तू तिला जे बोललीस, ते मी दारात उभा राहून ऐकलं.

ठमे, ती वही वहिनीनं टाकली नाही. माझ्या हातानं टाकली, डाव्या पोत्यात. तू बोलत होतीस तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. मी गप्प राहिलो. नंतर वहिनीला म्हणालो, "ठमीला सांगितलं मी, वही माझ्याच हातून गेली म्हणून." तिला ते खरं वाटलं. मग तू येईनाशी झालीस तरी ती म्हणायची, "येईल. कामं असतील." तुझ्या लेकीसाठी तिनं स्वेटर विणून पाठवला. तू तो न उघडता परत पाठवलास. नशीब, पार्सल माझ्या हातात पडलं. मी ते डेपोत नेऊन कपाटात ठेवलं आणि घरी येऊन सांगितलं, पोचला. तिनं विचारलं, "बसला का?" मी म्हणालो, "अगदी बरोबर." पुढे दोन दिवस ती गुणगुणत होती.

ती गेली तेव्हा तू आली नाहीस. लोक बोलले. मी त्यांनाही काही सांगितलं नाही. तुला अडवणारा मीच होतो.

कपाटाच्या नियमानं हे पार्सल दहा वर्षांपूर्वीच पट्ट्यावर जायला हवं होतं. ते पत्रासोबत पाठवतोय. तुझी लेक आता मोठी झाली असेल. स्वेटर तिला होणार नाही. तरी या वेळी उघड.

तुझाच,
दादा