सहा लगोऱ्या

मंगळवार, १५ ऑक्टोबर

प्रिय बेनी,

तुझा गुडघा आता वाकत असेल अशी आशा आहे. डॉक्टर चाल म्हणाले तर चाल, आणि आयरीनच्या स्वयंपाकघरात लुडबूड करू नकोस. लेकीच्या घरी पाहुणी म्हणून राहायला तुला कधीच जमलं नाही. इथे ओढ्याकाठची कॉटनवुडची झाडं पिवळी झाली आहेत. तुझ्या कोंबड्या अंडी देतात. तुझ्या डेल्फिनोच्या पायाचं प्लास्टर उतरायला अजून पाच आठवडे आहेत, पण तो जेवतो नीट. मी रोज दुपारी बीन्स आणि टॉर्टिया घेऊन जाते. तो म्हणतो मीठ कमी आहे. म्हणजे बरा आहे.

तू म्हणशील, परवाच फोनवर बोललो, मग हे पत्र कशाला? कारण फोनवर तू मध्ये बोलतेस. आणि मला जे सांगायचं आहे ते मध्ये कुणी बोललं तर माझ्याकडून सांगून होणार नाही.

आधी हे ऐक. गेली सहा वर्षं मी रेंजरांसाठी फुकट राबते हे तुला माहीत आहे. दर बुधवारी मेंढीच्या घळीत उतरायचं, कचरा गोळा करायचा, आणि टुरिस्टांनी रचलेल्या लगोऱ्या पाडायच्या. बेनी, या लोकांना काय म्हणावं! आपल्या बाबांच्या काळापासून त्या उघड्या लाल कातळावर वाट दाखवायला दगडांच्या लगोऱ्याच आहेत. कातळावर पाऊल उमटत नाही, पायवाट पडत नाही. एका लगोरीपाशी उभं राहून पुढची दिसली पाहिजे, एवढाच तिथला कायदा. आणि ही मंडळी गाडीतून उतरतात, चार चपटे दगड एकावर एक ठेवतात, त्याच्याशेजारी डोळे मिटून बसतात आणि फोटो काढतात. मनःशांती म्हणे! त्यांच्या शांतीमागे जाऊन कुणी कड्यावर पोचला तर? गेल्या उन्हाळ्यात अशाच एका बाईला मी म्हटलं, "हे मोडा." ती म्हणते, "पण किती सुंदर आहे!" मी म्हटलं, "रस्त्यावरचा चुकीचा बाणही सुंदर रंगवता येतो." आणि तिच्यासमोर लाथ मारली. तिचा नवरा माझाच फोटो काढत होता.

सिस्टर पर्पेच्युआ आठवते? पापाची कबुली देताना शेजाऱ्याची पापं आधी सांगू नयेत, असं ती बजावायची. पान भरलं माझं शेजाऱ्यांवरच. आता माझ्यावर येते.

दोन तारखेच्या बुधवारी, तीन आठवड्यांच्या खंडानंतर, मी नेहमीसारखी सकाळी सातला निघाले. घळीच्या तोंडाशी ती लोखंडी पेटी आहे ना, जिच्यातल्या वहीत आपण नाव, वेळ आणि कुठे चाललो ते लिहितो, तिथे मी नाव लिहिलं. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता. मी तो वाचला नाही. तीस वर्षं मी त्या घळीत चालते आहे, मला कागद काय शिकवणार? याच बाईने एकतीस वर्षं वर्गात ओरडून सांगितलं, "आधी प्रश्नपत्रिका पूर्ण वाचा."

दिवस सुरेख होता. भिंती सकाळी गेरूसारख्या होत्या आणि दहापर्यंत भाजलेल्या विटेसारख्या झाल्या. अळंबीच्या आकाराचा तो मोठा खडक आहे ना, त्याच्याखाली डावीकडच्या कातळपट्टीवर मला सहा लगोऱ्या दिसल्या. नव्या, ताज्या. जिथे कधीच वाट नव्हती तिथे. मी सहाच्या सहा पाडल्या. शेवटच्या लगोरीचे दगड तर खाली दरीत ढकलले आणि त्यांचा आवाज ऐकून मला बरं वाटलं. मग तिथेच बसून बरीतो खाल्ला.

शुक्रवारी डेल्फिनो घळीत गेला.

पुढचं तुला माहीत आहे. तो झऱ्याच्या बाजूने वर चढत आला, वाट चुकला, एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उतरत गेला आणि घोटा मोडून बसला. संध्याकाळी रेंजरांनी पेटी उघडली, त्याच्या नावापुढे परतल्याची वेळ नव्हती. शनिवारी सकाळी अकराला शेरिफच्या माणसांनी त्याला आणलं. ओठ फाटलेले, टोपी हरवलेली. स्ट्रेचरवरून मला बघून पहिलं वाक्य काय, तर "लाला, लगोऱ्या नव्हत्या."

"कुठे?"

"अळंबीखाली. डावीकडे. दोन आठवड्यांपूर्वी मी त्याच वाटेने वर आलो होतो. सहा होत्या."

आकडा ऐकला आणि मी त्याच्या ओठांना पाण्याची बाटली लावली, बेनी. 

शेरिफचा माणूस, तो लाल मिशीवाला, मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुमच्याइतकी ही घळ कुणी पाहिली नाही. तिथे खरंच लगोऱ्या होत्या का?"

मी म्हटलं, "तिथे वाट कधीच नव्हती."

हे खोटं नव्हतं. मला तेव्हा तसंच वाटत होतं. टुरिस्टांच्या होत्या, मी पाडल्या, त्या मोजायच्या कशाला? पण "मी बुधवारी काही पाडल्या" एवढी चार शब्दांची ओळ मी गिळली. त्याने मान हलवली आणि डेल्फिनोकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने आपण बाबांकडे शेवटच्या वर्षी पाहायचो.

आणि मग मी तुला फोन केला. "तो म्हातारा झालाय, बेनी, नसलेल्या गोष्टी बघतो," हे माझेच शब्द. तू रडलीस. आयरीनने डॉक्टरची वेळ घेतली. त्याला तिकडे कायमचं न्यायचं ठरलं, ट्रक विकायचं ठरलं, आणि तू मला सांगितलंस, चावी काढून घे. मी घेतली. त्याने वाद घातला नाही. एवढा हुज्जतखोर माणूस, आणि चावी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "तू म्हणतेस वाट नव्हती, म्हणजे नसेलच."

काल मी डबा घेऊन गेले तर तो टेबलाशी बसून घड्याळं काढत होता. डोकं तपासायला डॉक्टर म्हाताऱ्यांना घड्याळाचं चित्र काढायला सांगतात, हे आयरीनने त्याला फोनवर सांगितलं होतं. बिलाच्या पाकिटांच्या मागे घड्याळंच घड्याळं. सगळी बरोबर. अकरा वाजून दहा, पावणेतीन, साडेसहा. आणि मला विचारतो, "लाला, काटे कुठे चुकलेत ते सांग ना. मला कळत नाहीये." तुझा नवरा, बेनी, ज्याने धुक्यात चारशे मेंढ्या घरी आणल्या.

मी डबा ठेवला आणि सरळ घळीवर गेले. पेटी उघडली आणि तो कागद वाचला. नक्कल सोबत आहे, आयरीनला दाखव. पुराने जुनी उतरण वाहून गेली, म्हणून सप्टेंबरात अळंबी खडकाखालून नवी वाट आखली आहे, सहा लगोऱ्यांमागून जा, असं लिहिलं आहे. खाली मार्गो नावाच्या रेंजरची सही. ती त्याच आठवड्यात बदलून दुसरीकडे गेली, आणि तिच्या जागी आलेल्याने त्या संध्याकाळी फक्त वही पाहिली. शेरिफची माणसं दुसऱ्या टोकाने गाडीने आली होती. त्यांनी ही पेटी पाहिलीच नाही.

मी वर चढले आणि सहाच्या सहा पुन्हा रचल्या. चौथी दोनदा पडली. मग रेंजरांच्या ऑफिसात जाऊन तिथल्या माणसाला सगळं सांगितलं. तो बिचारा माझ्या वयाकडे बघून म्हणाला, "होतं असं कधीकधी." मी म्हटलं, "होत नाही. मी केलं. लिहून घ्या." त्याने लिहून घेतलं.

आज दुपारी डेल्फिनोला सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसले असते तर आडवळणं घेतली असती. कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला.  मला वाटलं, आता कुबडी फेकून मारेल, आणि मारावीच.

"सहाही पाडल्यास?"

"सहाही."

"म्हणजे त्या होत्या."

"होत्या."

"लाला, मी त्या दगडांवर पडल्या पडल्या स्वतःला आपल्या मेंढ्यांची नावं विचारत होतो. बघत होतो, डोकं गेलंय का ते." मग तो हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. "अगं मदर सुपीरियर, माणसांना सोड, तू दगडांनासुद्धा शिस्त लावतेस!" मी पण रडले. मला वाटतं, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. आणि काय सांगू, इतकं हलकं वाटलं की मला त्याची लाज वाटली.

मग मी चावी टेबलावर ठेवली. त्याने ती लगेच उचलली नाही. आधी घड्याळांची सगळी पाकिटं गोळा केली आणि चुलीत घातली.

तो म्हणाला, "बेनीला मी सांगणार नाही. तुझं तू सांग." म्हणून हे पत्र. आयरीन रविवारी यायची आहे. आली तर जेवायला येऊ दे, न्यायला नको. तिला सांग, तिच्या बापाला सहा लगोऱ्या आठवत होत्या, एक कमी नाही, एक जास्त नाही. डोकं चुकलं ते तिच्या मावशीचं.

मला शिव्या दे, मी ऐकेन, मध्ये बोलणार नाही. पण त्याआधी त्याला फोन कर. "तू वेडा नाहीस" असं म्हणू नकोस, ते कुणालाही कुणीही म्हणतं. "तू बरोबर होतास," असं म्हण. आत्ता तो बाहेर अंगणात ट्रकमध्ये बसलाय. पाय प्लास्टरमध्ये, ब्रेक दाबता येत नाही, तरी इंजिन चालू करून बसलाय, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रेडिओ लावलाय. पाच आठवडे थांबायचं, एवढंच.

जिच्या शब्दावर तू नवऱ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवलास, ती तुझी थोरली बहीण,

युलालिया