फ्लॉईडचे नाव सायकल मार्गावरून काढून टाकणेबाबत

दिनांक : ३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
किनारपट्टी क्रीडांगण विकास समिती,
वसई (पश्चिम), जि. पालघर

अर्जदार : लिडिया निकोलस तुस्कानो, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, रा. सांडोर, वसई

विषय : नियोजित 'फ्लॉईड तुस्कानो सायकल मार्ग' व त्याच नावाची वार्षिक शर्यत यांस दिलेले अर्जदाराच्या दिवंगत मुलाचे नाव काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) पाटीच्या अनावरणासाठी अर्जदारास आलेले आपले निमंत्रण.
२) अर्जदाराचा पहिला अर्ज व त्यावरील आपल्या कार्यालयाचे त्रुटीपत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचा पहिला अर्ज आपल्या छापील नमुन्यात होता. त्यात 'कारण' या शब्दापुढे एकच ओळ होती. अर्जदाराने तेथे 'वैयक्तिक' असे लिहिले, बाकीचे खिडकीवर तोंडी सांगितले आणि अर्ज परत आला. म्हणून या वेळी साध्या कागदावर कारण सविस्तर लिहिले आहे. घरातील माणसे घरच्या बोलीत बोलली, ते बोलणे आपल्या सोयीसाठी शाळेच्या मराठीत दिले आहे.

१. फ्लॉईड हा अर्जदाराचा एकुलता मुलगा. सायकलच्या शर्यती हाच त्याचा उद्योग होता. एका खासगी संघाकडून तो ठिकठिकाणच्या शर्यतींत उतरत असे. वडिलांची केळीची वाडी तो पाहील असे घरात कोणीच धरून चाललेले नव्हते. तो चांगला होता, पण पहिला नव्हता. राजोडीच्या मच्छीमाराचा मुलगा केनी दर वेळी त्याच्या पुढे असे. फ्लॉईड घरी येऊन सायकल पडवीत उभी करी आणि आईने विचारण्याआधीच सांगे, "दुसरा." त्या दिवशी जेवणात त्याचे लक्ष नसे. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तो पुन्हा रस्त्यावर असे. अर्जदाराचा मुलगा तो. आपल्या निमंत्रणपत्रिकेवर ज्याचे छायाचित्र आहे, तो नंतरचा.

२. संघाचे प्रशिक्षक श्री. विपुल घरत हे अर्जदाराच्या घरी कुटुंबातल्यासारखे येत-जात. त्यांनी फ्लॉईडला एका शिबिराला नेले. तो परतला तो बारीक होऊन, पण चढावर त्याला धाप लागेनाशी झाली होती. त्याच सुमारास घरच्या फ्रीजमध्ये थर्माकोलची एक लहान डबी आली. आत निळ्या टोपणांच्या कुप्या होत्या, त्यांवरची लेबले खरवडलेली होती. अर्जदाराने डबी हातात घेऊन मुलाला विचारले. तो म्हणाला, "मम्मी, सरांचं आहे, व्हिटॅमिन आहे." अर्जदाराने घरत यांनाही समोर बसवून विचारले. ते हसून म्हणाले, "टीचर, पोरगा दिवसभर सायकल हाणतो. नुसत्या भाताने भागतं का?" त्या वर्षी राज्य अजिंक्यपद शर्यतीत फ्लॉईड पहिला आला आणि केनी दुसरा. सांडोरात बँड लावून मिरवणूक निघाली.

३. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी राजोडीच्या रस्त्यावर सराव चालू असताना फ्लॉईड सायकलवरून उतरला, "पाय जड झालेत" असे सोबत्याला म्हणाला, सुरूच्या झाडाला टेकून बसला आणि पुन्हा उठला नाही. तो तेवीस वर्षांचा होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "हा काही औषध घेत होता का? या वयात इतकं घट्ट रक्त मी पाहिलेलं नाही." अर्जदार तोंड उघडणार तोच शेजारी उभे असलेले घरत म्हणाले, "काही नाही. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं त्याला." चर्चमधील सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, ते घरी आले, अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवून रडले, आणि जाताना "क्लबचं सामान आहे" म्हणून फ्लॉईडची सुटी चाके, टायर आणि फ्रीजमधली डबी घेऊन गेले. अर्जदारानेच ती पिशवीत भरून दिली.

४. तेव्हापासून दर वर्षी घरत यांचा क्लब फ्लॉईडच्या नावे शर्यत भरवतो. अर्जदारास मंचावर बसवतात, शाल देतात, विजेत्यास चषक अर्जदाराच्या हस्ते देतात. कोणत्याही शर्यतीत कोणत्याही स्पर्धकाची उत्तेजक द्रव्यांसाठी तपासणी झालेली नाही. एका वर्षी एका पालकाने ती मागितली, तेव्हा घरत माईकवर म्हणाले, "ही फ्लॉईडच्या नावाची शर्यत आहे. इथे कोण चोरी करील?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्जदारानेही वाजवल्या.

५. गेल्या वर्षीचा विजेता संकेत हा आचोळे येथील तरुण. शर्यतीनंतर आठवड्याभरात तो पेढे घेऊन सांडोरला आला. फ्लॉईडच्या तसबिरीला नमस्कार करून बसला, चहा घेतला. मग पाठीवरच्या पिशवीतून त्याने थर्माकोलची डबी काढली व म्हणाला, "काकी, तुमच्या फ्रीजमध्ये ठेवू का? घरी ठेवलं तर आई विचारत बसते." काय आहे असे विचारता तो सहज म्हणाला, "रक्त वाढवायची सुई. सर सांगतात, फ्लॉईडदादा पण हीच घ्यायचा, म्हणून तर स्टेट जिंकला. तो इथेच ठेवायचा ना? मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल."

टोपणे निळी होती. या वेळी लेबल शाबूत होते. अर्जदाराने डबी ठेवून घेतली व ती एका औषधविक्रेत्यास दाखवली. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्त वाढण्यासाठी ते औषध देतात. निरोगी माणसाने ते घेतले तर दमसास वाढतो, रक्त घट्ट होते आणि गुठळी होऊ शकते. त्याने हे सर्व शांतपणे सांगितले व शेवटी विचारले, "घरात कोणाचं डायलिसिस चालू आहे का?"

६. अर्जदार थेट घरत यांच्याकडे गेली. त्यांनी काहीही नाकारले नाही. म्हणाले, "टीचर, वर खेळणारे सगळेच घेतात. फ्लॉईडला मी हात धरून टोचलं नाही, त्याला जिंकायचं होतं. आता तुम्ही बोललात तर नाव कोणाचं जाईल? माझं थोडंच." बोलता बोलता त्यांनी अर्जदाराच्या समोर पाण्याचा ग्लास सरकवला.

घरी पती निकोलस यांना सांगितले, तेव्हा ते वाडीला पाणी सोडत होते. त्यांनी पाणी बंद केले नाही. म्हणाले, "पोर गेलं. नाव राहिलंय, तेही तूच पुसणार?" अर्जदार म्हणाली, "ते नाव आता दुसऱ्यांच्या पोरांना सुया टोचायच्या कामाला लावलंय." त्या दिवसापासून ते वाडीतच जेवतात.

७. अर्जदाराने राज्य अजिंक्यपदाचे सुवर्णपदक घेतले व ती राजोडीला केनीकडे गेली. केनी आता वडिलांच्या होडीवर जातो. शर्यती त्याने फ्लॉईडच्या विजयानंतर त्याच वर्षी सोडल्या. जाळ्याच्या ढिगावर बसून त्याने सर्व ऐकून घेतले. पदकाला हात लावला नाही. म्हणाला, "टीचर, मला वाटायचं माझ्याच अंगात पानी नाय. दोन महिने दुप्पट सराव केला, मग सायकल विकली. तवा कोनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." अर्जदाराने त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तुमची कशाला?" आणि भरती येत होती म्हणून उठला. पदक अर्जदाराने राज्य संघटनेकडे टपालाने परत पाठवले आहे.

८. आता आपल्या त्रुटीपत्राविषयी. त्यात म्हटले आहे की, नाव बदलण्याची विनंती मूळ प्रस्तावकानेच करावयास हवी. मूळ प्रस्तावक श्री. घरत आहेत. पुढे म्हटले आहे की, गैरप्रकाराचा आरोप असल्यास स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या नमुन्याचा प्रयोगशाळेचा अहवाल जोडावा. नमुना कधी घेतलाच गेला नाही, तक्रार तीच आहे. 'खेळाडू मयत असल्याने त्यांच्यावर कारवाई संभवत नाही, सबब ते निर्दोष समजण्यात येतात,' असेही आपण लिहिता. अर्जदाराने तीस वर्षे मुलांना मराठी शिकवले, 'सबब' या शब्दाचा असा उपयोग प्रथमच पाहिला. आणि शेवटची त्रुटी : 'ज्यांच्या नावाबाबत विनंती आहे त्यांचे संमतीपत्र जोडलेले नाही.' महोदय, ते जोडता आले असते तर अर्जदाराने आपणांस तसदी दिली नसती. संकेतची डबी पुरावा म्हणून आणली होती, ती आपल्या आवक विभागाने नाशवंत वस्तू म्हणून घेतली नाही. खिडकीवरील बाईंनी अर्जदारास बसायला खुर्ची मात्र दिली, हेही नमूद करणे योग्य होईल.

९. मधल्या काळात संकेतची निवड वरच्या शिबिरासाठी झाली. येत्या रविवारी नव्या मार्गावरून पहिली सायकल तोच नेणार आहे, आणि मार्गाचे मानद मुख्य प्रशिक्षक श्री. घरत असतील, असे आपली पत्रिका सांगते. अर्जदाराने संकेतला फोन करून पुन्हा विनवले. तो उर्मट बोलला नाही. "काकी, फ्लॉईडदादाला सोसलं नाही. मी सांभाळून घेतो. ठेवायला दुसरी जागा मिळालीय," एवढेच म्हणाला.

म्हणून अर्जदार गेल्या गुरुवारी आचोळ्याला त्याची आई मथुराबाई यांच्याकडे गेली. त्या शिवणकाम करतात. मशीन थांबवून त्यांनी सगळे ऐकले. सुईचे नाव, घट्ट रक्त, राजोडीचा रस्ता, सगळे. मध्ये एकदा त्यांनी पदर तोंडाला लावला, तेव्हा अर्जदारास वाटले की आपले काम झाले. मग त्या उठल्या व टीव्हीच्या मागून आपल्या समितीची निमंत्रणपत्रिका काढून आणली.

"ताई, तुमचं दुःख मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण फ्लॉईडने खरंच असं काही केलं असतं, तर सरकारी माणसांनी त्याच्या नावाचा रस्ता केला असता का? एवढी मोठी माणसं येणार आहेत. तुमचा गेला म्हणून माझ्याला अडवू नका."

पत्रिका खरी होती. खाली, महोदय, आपली सही होती.

१०. तरी विनंती की,
(अ) मार्गाच्या व शर्यतीच्या नावातून फ्लॉईडचे नाव रविवारपूर्वी काढावे व पाटी उतरवावी. दुसरे नाव सुचत नसल्यास पाटी कोरी ठेवावी.
(आ) श्री. घरत यांची नेमणूक चौकशी होईपर्यंत स्थगित करावी व या मार्गावरील प्रत्येक शर्यतीत स्पर्धकांची तपासणी करावी.
(इ) काढण्याचे कारण विचारले गेल्यास, मुलाच्या आईने लेखी मागितले, असे सांगावे. हा अर्ज कोणासही दाखवण्यास अर्जदाराची हरकत नाही.

मुलाचे नाव पुसा असे आईने लिहून देणे म्हणजे काय, हे आपणांस समजावून सांगण्याचा अर्जदाराचा हेतू नाही. निकोलस यांनी या अर्जावर सही केलेली नाही, करणारही नाहीत, आणि अर्जदार त्यांना दोष देत नाही.

घाई एवढ्याचसाठी की, आपली पाटी उभी आहे तोवर अर्जदार जे सांगते ते खोटे ठरते. ती उतरली, की अर्जदारास पुन्हा एकदा आचोळ्याला जाता येईल.

उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्रपणे,

(सही)
लिडिया निकोलस तुस्कानो
सांडोर, वसई

सोबत :
१) राज्य संघटनेकडे पदक परत पाठवल्याची टपाल पावती
२) औषधाच्या लेबलचे छायाचित्र
३) अनावरणाची निमंत्रणपत्रिका, परत