पऱ्हाटीवरचा मावा

बोरी अरब

प्रिय उज्ज्वला,

पत्र पाहून हसशील, घरोघरी मोबाईल असताना दादाले हे काय सुचलं म्हणून. पण फोनवर शुगरचं नाव काढलं की तू विषय बदलतेस, म्हणून लिहून राह्यलो. सूनबाईनं, वर्षानं, कागदावर जाड रेघा ओढून दिल्या. तरी अक्षर खाली घसरलं तर समजून घे. उजव्या डोळ्यानं आता मले काहीच दिसत नाही.

कसं झालं, ते तुले कोणी धड सांगतलं नसन. श्रावणात कापसाच्या पऱ्हाटीवर मले काळे ठिपके उडताना दिसू लागले. मावा पडला, दुसरं काय! तीस वर्षं शेती केलेला माणूस मी. फवारा मारला. आठ दिवसांनी पुन्हा मारला, तरी ठिपके तसेच. वर्षा पान उलटं करून दाखवे, बाबा, इथं काहीच नाही म्हणे. मी तिच्यावरच खेकसलो, तुले पऱ्हाटीतलं काय समजते म्हणून, आन् तिसरा फवारा मारला. पानावर काहीच नव्हतं वो. ते माझ्या डोळ्यातलं रक्त होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यापुढं काळं उतरलं. दुखलं कणभर नाही. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं, शुगरनं डोळ्याच्या आतल्या बारीक नसा फुटतात, आन् बरं दिसते तोवर माणसाले पत्ताच लागत नाही. ठिपके दिसले तेव्हाच आले असते तर, इतकं म्हणून ती थांबली. मी म्हटलं, मॅडम, मी तर दर साली चष्म्याचा नंबर काढतो. तर म्हणे नंबर काढणं वेगळं, थेंब टाकून आतला पडदा पाहणं वेगळं. बाप्पा, दहा वर्षांची शुगर, एकदाही पाह्यला नाही! आता डाव्या डोळ्यात दर महिन्याले इंजेक्शन घेऊन राह्यलो. तो राहीन का, हे तीही सांगत नाही.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहितो. परवा मारेगावले मावशीच्या नातीच्या, नयनच्या लग्नात तू माझ्या शेजारीच जेवाले बसली होतीस. ताटावरून चारदा हात फिरवलास, चिलटं फार झाली म्हणालीस. मले धड दिसत नाही, म्हणून वर्षाले हळूच इचारलं. तुझ्या ताटावर एकही चिलट नव्हतं, उज्ज्वला. तेव्हापासून मले लय भेव वाटून राह्यलं. तुझी शुगर सासरी कोणाले ठाऊक नाही, नसू दे. यवतमाळले त्याच डॉक्टरीणबाईकडं तुझा नंबर लावला आहे. गुरुवारी पहिल्या एसटीनं उमरखेडले येतो, भाऊ माहेरी न्यायले आला म्हण आन् पिशवी भरून ठेव. पण त्याच्या आधी डोळ्यापुढं काही काळं उतरलं, तर गुरुवारची वाट पाहू नोको.

तुझाच,
रामरावदादा