इंजिनामागचे पाच ठिपके

शुगर लँड, ११ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रत्ना हीस, अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला थांबता येत नाही, म्हणून आपण पुन्हा कागदावर आलो ते बरंच झालं. इथे उकाडा असा, की सकाळी नुसतं दार उघडलं तरी चष्म्यावर वाफ धरते. तब्येत ठीक आहे. चारुता फ्रीमाँटहून रोज व्हिडिओ कॉल करून बाबा काय जेवले याची चौकशी करते. मी सँडविच खातो आणि पोळीभाजी सांगतो.

आता मुद्द्याचं. माझी हिरवी मसल कार तुला आठवतच असेल. सत्तर साली शोरूममधून नवी घेतलेली, बेताच्या अंगात राक्षसी इंजिन असलेली. पुढच्या महिन्यात आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या मेळाव्यात ‘जशी कारखान्यातून निघाली तशी’ या वर्गात तिची परीक्षा आहे. या वर्गात गाडी नुसती चकचकीत असून भागत नाही, स्क्रूसुद्धा मूळचा लागतो. एका क्लॅम्पवरून जुन्या मित्रांचं बोलणं बंद झालेलं मी इथे पाहिलं आहे.

परवा वेंडेल आला होता. तो क्लबचा मुख्य परीक्षक आणि माझा जुना मित्र. इंजिनामागच्या काळ्या पत्र्यावर कोपऱ्यात पाच लाल ठिपके आहेत. जोडणी झाली की कारखान्यातले तपासनीस पार्टवर रंगाची खूण करत, तीच ही खूण, असं मी आजवर येईल त्याला सांगत आलो. क्लबच्या मासिकात त्यावर लेखही लिहिला. तो वाचून तिघाचौघांनी आपापल्या गाड्यांवर तसेच ठिपके रंगवून घेतले, इतकी माझी पत! वेंडेलने भिंग लावलं आणि त्याचा चेहराच उतरला. त्याचं म्हणणं, त्या कारखान्यात पिवळा खडू वापरत. आणि हे ठिपके एकदा लावलेले नाहीत, थरावर थर आहेत. म्हणजे कोणीतरी ही खूण पुन्हा पुन्हा रंगवत आलं आहे. गाडी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे, तेव्हा तो कोणीतरी मीच! खूण खोटी असेल तर इंजिनाचा नंबर तरी खरा कशावरून, असंही त्याने हळूच विचारलं.

रत्ना, बक्षीस गेलं चुलीत. पण या वयात कोणी लबाड म्हटलेलं मला सोसणार नाही. गाडी आली तेव्हा तू आमच्याकडेच राहत होतीस. ते ठिपके तेव्हापासूनचे आहेत, एवढं सहीनिशी लिहून पाठव. कमिटीपुढे ठेवीन.

यजमानांना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

—

आयसेलिन, १९ ऑगस्ट २०२५

॥ श्री ॥

ती. दादास, रत्नाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग घाबरले, मग चहा करून पुन्हा वाचलं. तुला हवी तशी साक्ष मला देता येणार नाही रे. ठिपके मी पाहिलेत, पण ते कारखान्याने काढलेले नाहीत. वसुधावहिनीने काढले, माझ्यासमोर.

गाडी आणलीस तेव्हा वहिनीने पूजेचं विचारलं होतं. यंत्राला तेल लागतं, नारळ लागत नाही, असं तिला ऐकवून तू आंघोळीला गेलास. तुझी आंघोळ म्हणजे तासाभराची निश्चिंती. आम्ही दोघी खाली धावलो. चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ फोडला तर खालची मालकीणबाई तरातरा बाहेर येईल, म्हणून तो नुसताच ओवाळला. स्वस्तिक काढावं तर इथले लोक भलताच अर्थ घेतील. म्हणून दोघींनी मिळून बॉनेट उचललं आणि वहिनीने आत, चटकन दिसणार नाही अशा जागी, कुंकवाची पाच बोटं लावली. गाडी एवढी पळणार आणि चालवणारा एवढा हट्टी, तेव्हा देवाचं लक्ष असलेलं बरं, असं ती म्हणाली होती.

पुढे काय झालं ते तुला आठवतंय का? रविवारी तू ते कुंकू गंज समजून पुसलंस आणि शोरूमवाल्याला फोनवर झापलंस! मग वहिनीने माझ्याकडून नेलपॉलिशची बाटली मागून घेतली. ते ठिपके काही पुसले जाईनात, तेव्हा ही कारखान्याची खूण असं तूच जाहीर केलंस. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून हसत होतो. पुढे सांगायचं राहून गेलं, कारण तू इतक्या कौतुकाने ते ठिपके सगळ्यांना दाखवायचास की वहिनीला तो आनंद मोडवेना.

थरांचं मात्र मला काही ठाऊक नाही. मी इकडे न्यू जर्सीला आले, त्याआधी एवढं एकदाच पाहिलं. तूच शोध. इंजिनिअर आहेस ना?

ओक ट्री रोडवरून भाजणी आणली आहे, पार्सल करते. सँडविचचं मी चारुताला सांगणार आहे. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
रत्ना

—

शुगर लँड, २८ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रत्ना हीस, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. मग भिंग घेऊन गराजमध्ये गेलो. ब्लेडच्या टोकाने एका ठिपक्याची कड अगदी जराशी खरवडली. वर लाल, त्याखाली मरून, त्याखाली गुलाबी, पुन्हा लाल. वेंडेल खरं बोलत होता.

पण हे बाकीचे थर तिने कधी चढवले? ते बॉनेट तिला एकटीला पेलणारं नव्हतं. कोड्यासारखं दुपारभर तेच डोक्यात घोळवत बसलो. मग आठवलं. दर दसऱ्याला सकाळी वसुधा म्हणायची, गाडीचं तेल बघून घ्या. एरवी यंत्राच्या बाबतीत तिने कधी चकार शब्द काढला नाही. मी बॉनेट उघडायचो, तेल बघायचो आणि हात धुवायला आत जायचो. परत येईपर्यंत ती तिथेच उभी असायची. मला वाटायचं, हिला अखेर इंजिनाची गोडी लागली.

सगळ्यात वरचा थर वाकडातिकडा आहे. एक ठिपका पार खाली ओघळला आहे. शेवटच्या दसऱ्याला तिचा हात इतका कापायचा की चहाचा कप मीच धरायचो. त्या हाताने तिने हे केलं आणि मी आत साबण शोधत होतो. रत्ना, मी गराजमध्ये बसून खूप रडलो.

आता कमिटीला काय सांगू? खरं सांगितलं तर लबाडीचा डाग जाईल आणि मूर्खपणाचा लागेल. वेंडेल म्हणतो, ठिपके पुसून टाकले आणि खालचा रंग मूळचा निघाला, तर गाडी त्याच वर्गात पास. चारुताचा सल्ला, बाबा, जस्ट वाइप इट ऑफ. तुला काय वाटतं ते कळव.

तुझा,
दादा

—

आयसेलिन, ४ सप्टेंबर २०२५

॥ श्री ॥

ती. दादास, रत्नाचा सा. न. वि. वि.

मी पाहिलं तेवढं, जसं पाहिलं तसं, इंग्रजीत लिहून सही करून सोबत पाठवते आहे. कमिटीपुढे ठेवायचं की फाडायचं ते तू ठरव. गाडी तुझी, ठिपके वहिनीचे. मी मध्ये पडत नाही. पण नेलपॉलिश रिमूव्हर हातात घेण्याआधी मला फोन कर. ऐकू येईल इतक्या मोठ्याने मी ओरडेन.

भाजणी मिळाली का? थालीपीठ मंद आचेवर लाव आणि बहिणीवर जीव असू दे.

तुझी,
रत्ना

—

शुगर लँड, २२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रत्ना हीस, अ. उ. आ.

मेळावा झाला. तुझा कागद कमिटीने वाचला आणि नंतर मी उभा राहिलो. दसरा म्हणजे काय, त्या दिवशी आपण हत्यारांना, अवजारांना हात का जोडतो, हे सांगताना माझ्या लक्षात आलं की हे मी जन्मात पहिल्यांदाच कोणाला समजावून सांगतो आहे, आणि माझं त्यातलं ज्ञान फार तोकडं आहे. मासिकातला माझा लेख चुकीचा, हेही कबूल केलं. ज्यांनी माझ्या भरवशावर ठिपके रंगवून घेतले ते माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघत होते.

वेंडेलने सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. इंजिनाचा नंबर तपासला, तो अस्सल ठरला. मला कोणी लबाड म्हणणार नाही. पण नियम तो नियम. ठिपके कारखान्याचे नव्हेत, तेव्हा ते तिथेच पुसायचे, नाहीतर गाडी खालच्या वर्गात. वेंडेलने स्वतः फडकं आणि रिमूव्हरची बाटली आणून दिली. मी त्याचे आभार मानले, बॉनेट मिटलं आणि गाडी खालच्या वर्गाच्या रांगेत नेऊन लावली. तिथे तिसरा नंबर आला.

दसरा दोन तारखेला आहे. वसुधा गेल्यापासूनचे तीन दसरे गाडी तशीच राहिली. यंदा तेल मी बघेन. पुढचं मला येत नाही. वसुधाच्या कपाटात लाल नेलपॉलिशची एक बाटली सापडली आहे, अजून ओली आहे. ते ब्रशने लावायचं की बोटाने, आणि बोटाने तर कोणत्या? मनात काही म्हणायचं असतं का? चारुताला विचारलं, तिला ठाऊक नाही. उत्तर दसऱ्याच्या आत पोचेल असं टाक, आणि या अडाण्यावर माया ठेव.

तुझा,
दादा