तो बदाम माझा नव्हे

चंद्रिकाअक्का,

आज गड्डा यात्रेची सुट्टी. नंदीध्वज पेलणाऱ्या अप्पांचा व्हिडिओ सोलापूरच्या बातम्यांच्या पेजवर आला. त्यांना वाचता येत नाही, म्हणून खालच्या कमेंट मी वाचून दाखवल्या. घाबरून तुझी तेवढी गाळली. तू स्वतःच्या मनाने लग्न केलंस तेव्हापासून घरात तुझं नाव निघत नाही.

अप्पांनी अडवलं, "थांब की. फोटो तिचाच हाय न्हवं? काय लिवलंय?"

मग तू लिहिलेलं वाचलं, "अप्पा, खांदा सांभाळा."

त्यांनी बाराबंदीला हात पुसले आणि तुझ्या कमेंटवर स्वतःच्या अंगठ्याने लाल बदाम दाबला. म्हणाले, "तिला सांगू नको."

मोबाइल माझा, त्यामुळे तुला तिथे माझंच नाव दिसेल. मी अप्पांना शब्द दिला आहे, म्हणून हे पत्र टाकणार नाही. पण अक्का, तो बदाम माझा नव्हे.

तुझा भाऊ,
गुरुशांत