त्यानं हाक मारली होती

मास्तर, आज सकाळपासून गुडघा ठणकतोय आणि डोकंही ठिकाणावर नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग काढायला मला तुम्हीच आठवता.

शाळेत तुम्ही ड्रिल शिकवायचात आणि संध्याकाळी आम्हाला फुटबॉल. कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या साली तुमच्या ओळखीनं मी आणि माझ्या वर्गातला जोडीदार, आम्ही दोघं मुंबईच्या गिरणीत लागलो. कागदोपत्री कारकून, काम गिरणीच्या संघातून खेळायचं. मी सेंटर फॉरवर्ड, तो माझ्या डाव्या बाजूला. मुंबईला जायच्या आधी तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलं होतंत, "गोल काय तुझ्या एकट्याचा हाय? शेजारी कोण हाय ते बघ की." मी मान डोलावली आणि गोल मारत राहिलो. चार-पाच वर्षं पेपरात माझंच नाव यायचं.

मग ती फायनल. तुम्ही रजा टाकून कोल्हापूरहून आला होतात. बरोबरी चाललेली, थोडीच मिनिटं उरलेली. चेंडू माझ्या पायात आहे. गोलकीपर माझ्यावर चालून आलाय आणि डावीकडं तो मोकळा उभा आहे, माझ्या नावानं ओरडतोय. मला दिसतंय, ऐकू येतंय. पण तुम्ही बघताय, म्हणून मी स्वतःच मारायला जातो. त्यांचा बॅक आडवा येतो आणि गुडघा कडकन वाजतो.

इस्पितळात तुम्ही विचारलंत, "त्यानं हाक मारली न्हाय व्हय रं?"

"न्हाय मास्तर."

तो बाहेर व्हरांड्यात उभा होता. तुम्ही त्याला आत येऊ दिलं नाहीत, पुढं कधी त्याच्याशी बोललाही नाहीत. त्यानंही तोंड उघडलं नाही.

गिरणीनं मला गोदामात टाकलं, वर्षभरानं घरी पाठवलं. शाहूपुरीत सायकलचं दुकान काढलं. पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "त्या गड्यानं तुम्हास्नी बॉलच मागितला न्हाय म्हणं?" ही गोष्ट गावभर तुम्हीच केलीत. मला ती खोडता येत नाही आणि ऐकवतही नाही. माझी खोड तुमच्याएवढी कुणाला ठाऊक होती? तरी एका शब्दावर विश्वास ठेवलात. त्याचाच संताप येतो.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, दुकानाच्या खणातच राहील. तुमच्या मयतीला मी आलो नाही. गुडघा वाकत नाही, असा निरोप दिला. खांदा द्यायला तो आला होता, असं कळलं. मास्तर, त्या दिवशी गुडघा अजिबात दुखत नव्हता.