जळकोटच्या अलीकडचा मेहमानखाना

अब्बा, आज दुपारी शेजारच्या घरात कुणीतरी तुपात कांदा लाल करत होतं, आणि मी उगीचच खिडकी उघडून उभी राहिले. तुमचा बावर्चीखाना एवढा मोठा होता, की चुलीपुढं तुम्ही लहान दिसायचात. हैदराबाद-सोलापूर रस्त्यावर, जळकोटच्या अलीकडं, जहागीरदारांनी पाहुण्यांसाठी बांधलेली ती इमारत. संगमरवरी पायऱ्या, रंगीत काचांची दारं, दिवाणखान्यात झुंबर. मोटारीतून नवाब यायचे, गोरे साहेब यायचे, दोन-दोन दिवस मुक्काम करायचे, असं तुम्ही सांगायचात. मी पाहिलं ते सगळं ओसरल्यावरचं.

पोलीस ॲक्शन झाली, मग जहागिऱ्या गेल्या. जहागीरदार हैदराबादेला गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. माळी गेला, धोबी गेला, आणि एका सकाळी चाचाही हैदराबादेला निघाले. अम्मी गेल्यापासून मला चाचीनंच वाढवलेलं. ट्रकवर ट्रंका चढल्या होत्या, आणि चाचीनं माझा हात घट्ट धरला होता.

"भाईजान, तुम्ही पण चला," ती म्हणाली. "इथं आता कोण येणार हाय?"

"आणि कुणी आलं तर?" तुम्ही म्हणालात.

"मग पोरीला तरी द्या. बिनआईची पोर या एवढ्या ओसाड घरात कशी राहील?"

तुम्ही माझ्यापुढं उकिडवे बसलात. "जातीस का चाचीसंगं? तिथं खेळायला पोरं हायेत." मी एका हातानं चाचीची ओढणी धरली आणि दुसऱ्या हातानं तुमचं बोट. दोन्ही सोडेना. शेवटी चाचीनंच ओढणी सोडवून घेतली आणि माझ्याकडं न बघता ट्रकमध्ये बसली. धूळ खाली बसली तरी तुम्ही तिथंच उभे होतात.

मग आपण दोघंच. संध्याकाळ झाली की मोठ्या टेबलावर पांढरी चादर घालून तुम्ही ताटं मांडता, जेवायला कुणी नसतं, आणि तुम्ही ती तशीच उचलून आत आणता. आपण मात्र चुलीपाशी बसून जेवतो. एकदा मी मखमली खुर्चीवर जाऊन बसले तर केवढ्यानं ओरडलात! "उठ! ती पाहुण्यांची हाय." मला तेव्हा त्या पाहुण्यांचा फार राग यायचा.

पुढं जहागीरदारांच्या मुलानं दारावर हॉटेलची पाटी लावली. ज्या देगीत तुम्ही बिर्याणी करायचात तिच्यात चहा उकळू लागला. ट्रकवाले यायचे. तुम्ही त्यांनाही चादर घातलेल्या टेबलाशी बोलवायचात, ते लाजून म्हणायचे, "चाचा, इथं बाहेरच द्या की, पाय लई मळल्यात." मग गाड्या जळकोटच्या नाक्यावरच थांबू लागल्या आणि तेही यायचे बंद झाले. झुंबर विकलं गेलं. तुम्ही खुर्च्या पुसत राहिलात.

महाराष्ट्र झाला, आणि काही वर्षांनी सरकारनं ती इमारत मास्तरीण होणाऱ्या मुलींच्या वसतिगृहासाठी घेतली. तुम्हाला स्वयंपाकाला ठेवलं. मलाही तिथंच प्रवेश मिळाला. पहिल्या संध्याकाळी आम्ही मुली दिवाणखान्यात रांगेनं पाटावर बसलो होतो. तुम्ही भाकरी वाढत माझ्यापर्यंत आलात, कमरेत वाकलात आणि म्हणालात, "लो बेगमसाहेबा, शरमाओ नक्को." सगळ्या मुली हसल्या. मीही हसले आणि भाकरी घेतली.

आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी तुम्हाला चला म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. "पोरींचं जेवण कोण करील?" मला वाटलं, या माणसाला पाहुण्यांपुढं मी कधी दिसलेच नाही. त्याच थंडीत निरोप आला. मी पोचले तोवर मुली पायऱ्यांवर बसून होत्या, चूल पेटलेली नव्हती.

तुम्हाला अम्मीच्या शेजारी ठेवलं. माती देऊन लोक परतले, आणि मी कबरस्तानाच्या दाराशी उभी होते. तिथले म्हातारे रखवालदार माझ्यापाशी आले. म्हणाले, "दर जुम्म्याला यायचे बगा तुमचे अब्बा. म्या एकदा इचारलं, भाऊ हैदराबादेत हाय, तुमी का न्हाय गेले? तर कबरीवर हात ठिवून म्हनले, हिला इथं एकटीला टाकून कसा जाऊ?"

अब्बा, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? चाचीला पाहुण्यांचं सांगितलंत, मला पोरींचं. मी तुमच्यावर एवढी वर्षं रुसले ती भलत्याच गोष्टीसाठी.

आता मीही नोकरीतून कधीच मोकळी झाले. हे मराठीत लिहिलं, कारण मला हीच लिहिता येते. तुम्हाला ती वाचता येत नव्हती, म्हणून आत्ता सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर, आज दिवसभरात मी तेवढंच बोलले.